घर्षणाने सांधणारे टूल : उष्णता कुठे अडवावी, कुठे सोडावी

(उमापूर, ता. गेवराई, जि. बीड येथील स्मृतिव्याख्यानमालेतील व्याख्यानाचा मजकूर)

फ्रिक्शन स्टर वेल्डिंगमध्ये धातू वितळत नाही. दोन पट्ट्या कडेला कड लावून जाड पोलादी पाटावर घट्ट आवळतात आणि वरून एक फिरते टूल सांध्यात दाबतात. टूलला रुंद खांदा असतो आणि त्याच्या मध्यातून खाली एक आखूड पिन निघते. पिन धातूत शिरते, खांदा वरून घासतो, घर्षणाने धातू तापून मऊ पडतो. मग टूल फिरत फिरत सांध्यावरून पुढे सरकते आणि दोन्ही बाजूंचा मऊ धातू ढवळून एकजीव करत जाते. वेल्डिंग रॉड लागत नाही, गॅस लागत नाही, ठिणगी उडत नाही, डोळ्यांवर काळी काच धरावी लागत नाही. इंग्लंडमधील केंब्रिजजवळच्या ‘द वेल्डिंग इन्स्टिट्यूट’ या संस्थेत वेन थॉमस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये ही पद्धत शोधली.

उमापूरसारख्या गावात वेल्डिंग म्हणजे आर्क वेल्डिंग. ट्रॉलीचा सांगाडा, नांगराचा फाळ, गेट, शेडचे अँगल ही सगळी लोखंडाची कामे त्यावर चालतात. ॲल्युमिनियम आले की बरेच दुकानदार हात जोडतात, आणि त्यात त्यांच्या हाताचा दोष नाही. ॲल्युमिनियम सुमारे ६६० अंश सेल्सिअसला वितळते, पण त्याच्या पृष्ठभागावरची ऑक्साइडची पातळ साय वितळायला २,००० अंशांहून जास्त तापमान लागते. वितळलेले ॲल्युमिनियम हायड्रोजन शोषून घेते आणि गोठताना तो बुडबुड्यांच्या रूपाने आत अडकतो. विमानात वापरल्या जाणाऱ्या काही मिश्रधातूंना तर गोठतानाच तडे जातात. धातू वितळूच दिला नाही, तर या अडचणींपैकी बहुतेक उद्भवतच नाहीत. ६०६१ या नेहमीच्या मिश्रधातूचे वितळणे ५८२ अंशांच्या आसपास सुरू होते. त्याचा सांधा या पद्धतीने साधारण ४०० ते ५०० अंशांत होतो.

अमेरिकेतील डेल्टा रॉकेटच्या आणि नंतर स्पेस शटलच्या इंधनटाक्या अशा जोडल्या गेल्या, जपानमध्ये आगगाडीच्या डब्यांचे लांबलचक ॲल्युमिनियम पत्रे जोडले गेले, माझदाने २००३ च्या आरएक्स-८ मोटारीच्या मागच्या दारात याच पद्धतीचा ठिपका-वेल्ड वापरला. अलीकडे विजेवर चालणाऱ्या वाहनांच्या बॅटरीखालच्या थंड ठेवणाऱ्या प्लेटा हे तिचे मोठे क्षेत्र झाले आहे. हा शेवटचा उपयोग मराठवाड्याच्या दाराशी आला आहे. गेवराई तालुक्याच्या उत्तरेला गोदावरी, पलीकडे पैठण आणि पैठणहून छत्रपती संभाजीनगरकडे जाणाऱ्या रस्त्यावर बिडकीन. तेथील ऑरिक औद्योगिक वसाहतीत कारखाना उभारण्याची घोषणा २०२४ मध्ये एथर एनर्जी आणि टोयोटा किर्लोस्कर या दोन वाहन कंपन्यांनी केली. वाळूजला तर बजाज ऑटोचा कारखाना १९८५ पासून आहे आणि त्याच्याभोवती सुटे भाग करणारी लहान-मोठी वर्कशॉपे वाढली आहेत. अशा वर्कशॉपांनी या पद्धतीत पाऊल टाकायचे ठरवले, तर नवे खास यंत्र घेण्याआधी घरच्या उभ्या मिलिंग मशीनवर प्रयोग करण्याचा मोह होतो. भारतातल्या अनेक इंजिनिअरिंग कॉलेजांनी तेच केले आहे. मिलिंग मशीन मजबूत असते, स्पिंडल फिरवते, टेबल सरकवते. प्रश्न फक्त उष्णतेचा उरतो. तो मात्र टूलच्या रचनेतच सोडवावा लागतो.

उष्णता किती, याचा हिशेब सोपा आहे. सहा मिलिमीटरच्या ॲल्युमिनियमवर काम करताना टूलला २० न्यूटन-मीटर पीळ लागतो आणि ते मिनिटाला १,००० फेरे फिरते असे धरले, तर सुमारे २,१०० वॉट शक्ती घर्षणात खर्च होते. तिचा बहुतेक भाग उष्णता होऊन कामाच्या पट्टीत शिरतो, कारण ॲल्युमिनियम उष्णतेचे उत्तम वाहक आहे. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोजणीत टूलच्या वाट्याला सुमारे ५ टक्के उष्णता आली. म्हणजे या उदाहरणात शंभरेक वॉट. आकडा लहान वाटतो आणि म्हणूनच त्याकडे दुर्लक्ष होते. पण पट्टीतली उष्णता पट्टीबरोबर निघून जाते. टूलमध्ये चढलेली उष्णता दिवसभर तिथेच, स्पिंडलच्या नाकाशी, साठत राहते.

तिचा पहिला त्रास बेअरिंगला होतो. साध्या लिथियम ग्रीसला १२० अंशांच्या पुढे फार काळ तग धरता येत नाही, आणि अचूक स्पिंडलच्या बेअरिंगचे पूर्वताण त्याच्या बऱ्याच आधी बिघडतात. मात्र त्याहून कपटी त्रास लांबीचा आहे. पोलाद दर अंशाला, दर मीटरला साधारण १२ मायक्रोमीटर वाढते. टूल आणि त्याला स्पिंडलमध्ये धरणारा होल्डर मिळून १०० मिलिमीटर लांबी सरासरी २०० अंशांनी तापली, तर ती ०.२४ मिलिमीटरने वाढते. आता पाच मिलिमीटरच्या पट्टीसाठी पिन ४.८ मिलिमीटरची ठेवतात. खालच्या पाटापासून अंतर राखायचे ते ०.२ मिलिमीटर. मशीन सकाळी थंड असताना शून्य साधून पहिला वेल्ड मारला, तर टूल अजून आखूड असते. सांध्याच्या बुडाशी केसभर भाग न जुळलेला राहतो. वरून पाहिले तर वेल्ड सुरेख, चंद्रकोरींसारख्या रेघांचा. तीच पट्टी बूड बाहेरच्या बाजूला येईल अशी वाकवली की बुडाची रेघ सरळ उघडते. हा दोष टाळण्यासाठी कारागीर टूल थोडे खाली घेतो आणि दुपारपर्यंत तापून लांबलेली पिन पाटाला घासू लागते. दाब मोजून टूल वर-खाली करणारी महागडी यंत्रे ही चूक स्वतः सावरतात. मिलिंग मशीन ठरलेल्या उंचीवरच चालते. तिथे टूलचे तापमान स्थिर ठेवणे हाच खोली स्थिर ठेवण्याचा मार्ग आहे.

यावर सुचणारा पहिला उपाय वारा घालण्याचा. कॉम्प्रेसरची नळी आणून खांद्याजवळ हवा सोडायची. हा उपाय चुकीच्या जागी केलेला योग्य उपाय आहे. खांद्यालाच थंड केले तर वेल्डची उष्णता पळते, धातू पुरेसा मऊ होत नाही, पीळ आणि आडवे बल वाढते आणि पिन तुटण्याची शक्यता बळावते. सांध्याच्या एका कडेला बोगदा पडतो तो बहुधा असाच. म्हणून क्रम पक्का असावा: खांद्याच्या वर उष्णता आधी अडवायची आणि अडथळा ओलांडून जी थोडी वर येईल तेवढीच हवेवर सोडायची. अडवण्याचे काम सिरॅमिकचे, सोडण्याचे हवेचे. या दोघांची जागा बदलली की दोन्ही निरुपयोगी होतात.

अडवण्याची जुनी रीत म्हणजे लांबी. लोहाराची सांडशी लांब असते ती याचसाठी. पण वेल्डिंगच्या टूलला लांबी परवडत नाही, कारण आडव्या बलाने ते वाकते. म्हणून कमी लांबीत जास्त अडथळा करणारा पदार्थ हवा. टूलसाठी वापरले जाणारे एच-१३ हे गरम कामाचे डाय-स्टील. त्याची उष्णतावाहकता साधारण २५ वॉट प्रति मीटर-केल्विन. झिर्कोनिया या सिरॅमिकची सुमारे अडीच. म्हणजे सारख्याच जाडीच्या दांडीत ५ मिलिमीटर झिर्कोनिया आणि ५० मिलिमीटर पोलाद उष्णतेला सारखेच अडवतात.

सिरॅमिकची निवड मात्र केवळ वाहकतेवर होत नाही. ॲल्युमिना स्वस्त आणि सहज मिळणारा, पण त्याची वाहकता डाय-स्टीलच्याच पंगतीतली. इन्सुलेशन म्हणून तो बसवणे म्हणजे नुसता खर्च. सिलिकॉन नायट्राइड चिवट आहे, धक्का सोसतो, पण तोही उष्णता बऱ्यापैकी वाहतो आणि तापल्यावर पोलादाच्या जवळपास चौथाईनेच प्रसरण पावतो. जोडणी सैल पडते. झिर्कोनियाचे प्रसरण पोलादाच्या बरेच जवळ आहे, सुमारे १० विरुद्ध १२. कमी वाहकता आणि जुळते प्रसरण हे दोन गुण एकत्र असल्यानेच विमानाच्या टर्बाइनच्या पात्यांवरही त्याचाच लेप देतात. त्याची एक खोड लक्षात ठेवावी लागते. इट्रिया घालून स्थिर केलेला सर्वांत मजबूत झिर्कोनिया दमट हवेत, अडीचशे अंशांच्या आसपास दीर्घकाळ राहिला तर त्याचे स्फटिक हळूहळू बदलतात आणि पृष्ठभागावर बारीक तडे येतात. मॅग्नेशिया घालून स्थिर केलेली जात थोडी कमी मजबूत असली तरी अशा जागी जास्त भरवशाची. नुसता फवारून दिलेला लेप इथे पुरत नाही. तो एक मिलिमीटरचा अंशच असतो आणि टूलच्या दांडीभोवती घासून निघतो.

पदार्थ ठरला की खरी रचना सुरू होते. सिरॅमिक दाब प्रचंड सोसते. झिर्कोनियाची दाबातली ताकद २,००० मेगापास्कलच्या घरात. ओढीत मात्र ते काही शे मेगापास्कललाच तुटते, आणि बारीक चरा असला तर त्याच्याही खूप आधी. फिरत्या टूलवर दोन्ही बले येतात. खाली दाबणारे १० किलोन्यूटन बल निरुपद्रवी आहे. पण सांध्यावरून सरकताना ३ किलोन्यूटन आडवे बल आले आणि ते सिरॅमिकच्या ५० मिलिमीटर खाली लागले, तर १५० न्यूटन-मीटरचे वाकवणारे आघूर्ण तयार होते. २० मिलिमीटर व्यासाच्या भरीव चकतीत त्याने जवळपास १९० मेगापास्कल ताण येतो. खालून आलेला दाब त्यातले फक्त ३० मेगापास्कल वजा करतो. टूल फिरते आहे, म्हणून चकतीचा प्रत्येक बिंदू प्रत्येक फेऱ्यात एकदा ओढला जातो आणि एकदा दाबला जातो. तासाला साठ हजार वेळा. अशी चकती पहिल्या दिवशी तुटली नाही तर दुसऱ्या दिवशी तुटेल.

उपाय दोन पायऱ्यांचा आहे. चकती रुंद करायची, पण भरीव ठेवायची नाही, कारण रुंद भरीव चकतीतून क्षेत्रफळाच्या प्रमाणात उष्णताही जास्त गळते. कडी करायची: बाहेरचा व्यास ४०, आतला ३०, जाडी १० मिलिमीटर. तेच वाकवणारे आघूर्ण आता ३५ मेगापास्कलच ताण देते. मग मधून एक उच्च ताण सोसणारा बोल्ट घालून कडी ३० किलोन्यूटनने आवळायची. तिच्यावर ५५ मेगापास्कल कायमचा दाब बसतो. ५५ मधून ३५ गेले तरी २० उरतात. कडीचा कोणताही बिंदू कोणत्याही क्षणी ओढीत जात नाही. बारा मिलिमीटरचा उच्च दर्जाचा बोल्ट हा ताण सहज पेलतो.

बोल्ट स्वतः पोलादाचा, म्हणजे अडवलेल्या उष्णतेला मागचा दरवाजा. तो आखूड ठेवला तर कडीचा फायदा बराचसा वाया जातो. ८० मिलिमीटर लांब ठेवून डोके होल्डरच्या वरच्या टोकाला नेले, की त्याचा अडथळा कडीच्या तिपटीहून जास्त होतो आणि गळती माफक राहते. डोक्याखाली तबकडी-स्प्रिंग वॉशर घालावेत. टूल तापून-थंड होताना लांबी बदलते, तेव्हा आवळणी ढिली होत नाही. २० मिलिमीटर दांडी, ५० मिलिमीटर लांबी आणि ४०० अंशांचा फरक धरला तर कडीशिवाय सुमारे ६३ वॉट वर चढतात. कडी बसवून बोल्टची गळती मोजली तर ३३. निम्मी उष्णता कमी झाली. कागदावर हे थोडे वाटते. बेअरिंगच्या आयुष्यात ते थोडे नसते.

पीळ कडीवरून नेऊ नये. आवळणीच्या घर्षणावर तो निभावेल असा हिशेब निघतो, पण पिन धातूत घुसवताना पीळ क्षणभर कितीतरी वाढतो, आणि सिरॅमिक घसरले की कडेचा टवका उडतो. म्हणून टूलच्या मानेवर दोन पोलादी दात आणि होल्डरमध्ये त्यांच्या खाचा, बाजूंना किंचित मोकळीक ठेवून. दात बारीक ठेवले की त्यातून उष्णताही फारशी जात नाही. कडीच्या दोन्ही बाजू हिऱ्याच्या चाकावर घासून एकमेकींना समांतर कराव्या लागतात. इथे ०.०१ मिलिमीटरची तिरपाई राहिली, तर १०० मिलिमीटर खाली पिनचे टोक ०.०२५ मिलिमीटर बाजूला जाते. कडा सगळ्या उतरत्या. बसवताना पोलादी बैठका रॉकेलने पुसून, बोटाने चाचपून पाहाव्यात. लेथवरच्या किसाचा एक कण कडीखाली राहिला की आवळताना सगळे बल त्या एका ठिकाणी येते, आणि कडी कामाला लागण्याआधीच कट्ट आवाज करून दुभंगते. हा आवाज कारागिराला एकदा ऐकू आला की तो पुन्हा बैठक पुसल्याशिवाय कडी ठेवत नाही.

थंड करायला पाणी का नको, तर त्याचे कारण सिरॅमिकच. तापलेल्या सिरॅमिकवर अचानक पाणी पडले की पृष्ठभाग आकसतो, आतला भाग आकसत नाही, आणि तडा जातो. ॲल्युमिनाला यासाठी दोनेकशे अंशांचा फरकही पुरतो. पाण्याने थंड होणाऱ्या होल्डरला फिरती जोडणी लागते, तिची सीले झिजतात, आणि एक थेंब वेल्डवर पडला तरी काम बाद.  शिवाय तीसेक वॉटसाठी पाण्याची सोय करणे उधळपट्टी ठरते. पोलाद जोडणारी मोठी टूले द्रवाने थंड करतात, कारण तिथे सांध्याचे तापमान हजार अंशांच्या वर जाते.

हवेचे काम कडीच्या वर, होल्डरवर. ॲल्युमिनियमचा गळपट्टा तापवून होल्डरवर चढवायचा. थंड झाल्यावर तो घट्ट बसतो. त्याला ८० मिलिमीटर व्यासाच्या सहा पातळ चकत्यांचे पंख कोरलेले. दोन्ही बाजू धरून पृष्ठभाग ४५० चौरस सेंटिमीटरच्या आसपास होतो. मिनिटाला १,००० फेऱ्यांत कडेचा वेग सेकंदाला ४.२ मीटर, पंखा वेगळा लावावा लागत नाही, टूल स्वतःच वारा करते. दर चौरस मीटरला, दर अंशाला ३० वॉट असा बेताचा दर धरला तरी ३३ वॉट घालवायला होल्डर भोवतालच्या हवेपेक्षा २५ अंशच जास्त तापतो. मे महिन्यात शेडमध्ये ४२ अंश असतील तर होल्डर ६७ वर स्थिरावेल. कडी नसती तर तोच होल्डर ९० च्या आसपास गेला असता. स्थिरावणे महत्त्वाचे, कारण मग सकाळी एकदा टूल रिकामे न फिरवता फालतू पट्टीवर दोन-तीन वेल्ड मारून तापवले आणि त्यानंतरच शून्य साधले, की दिवसभर खोली हलत नाही.

पंखांमधली फट चार मिलिमीटरपेक्षा कमी नसावी. जिनिंगच्या हंगामात कापसाची कणी जिथे तिथे उडते आणि अरुंद फटी आठवड्यात बुजतात. बुजलेले पंख हे उबदार पांघरूणच. पंखांखाली पातळ पत्र्याची एक स्थिर थाळी लावावी, म्हणजे फिरणाऱ्या पंखांचा वारा आडवा बाहेर जातो, खाली वेल्डवर उतरत नाही. काही जण पोकळ स्पिंडलमधून दाबाची हवा खाली सोडतात. थंडावा चांगला मिळतो, पण त्या हवेत कॉम्प्रेसरचे तेल आणि बाष्प असते, गाळणी नीट नसेल तर ते सांध्यावर जाते. शिवाय मिनिटाला एक घनमीटर हवा सात बार दाबावर द्यायला सहा-सात किलोवॉट वीज लागते, म्हणजे वेल्डिंगलाच लागणाऱ्या शक्तीच्या तिप्पट. विजेचे बिल बघणाऱ्याला पंखांचा गळपट्टा पटतो.

टूलच्या पदार्थांचा प्रश्न यापासून वेगळा पण जोडलेला. २०११ मध्ये आयआयटी मुंबईचे अमिताव डे यांनी आर. राय, एच. के. डी. एच. भदेशिया आणि टी. देबरॉय यांच्यासह या टूलांचा सविस्तर आढावा प्रसिद्ध केला. मऊ धातूंसाठी, म्हणजे ॲल्युमिनियम आणि मॅग्नेशियमसाठी, डाय-स्टीलची टूले पुरतात आणि टिकतात. पोलाद आणि टायटॅनियमसाठी घनाकार बोरॉन नायट्राइड किंवा टंगस्टनची मिश्रणे लागतात, ती महाग आहेत आणि अजून पुरेशी टिकत नाहीत. बोरॉन नायट्राइड स्वतः उष्णता फार चांगली वाहतो, म्हणून त्याच्या टोकामागे उष्णतेला अडवणारा थर घालणे तिथे ऐच्छिक राहत नाही. ॲल्युमिनियमच्या टूलवर शिकलेली कडीची रचना अशा टूलला जशीच्या तशी लागू पडत नाही, कारण तिथे बले कितीतरी मोठी असतात. दाबात ठेवण्याचा नियम मात्र तोच.

तयार टूलची तपासणी स्वस्तात होते. इन्फ्रारेड थर्मामीटरने चकचकीत पोलादावर मोजले तर तापमान खूप कमी दिसते, कारण चकचकीत पृष्ठभाग उष्णता कमी फेकतो आणि भोवतालची परावर्तित करतो. होल्डरवर काळ्या रंगाचा पट्टा मारून त्यावर मोजावे. कडीच्या खाली आणि वर, दोन्ही ठिकाणी, दर पाच मिनिटांनी नोंद ठेवली की दोन रेषांमधले अंतर कडीचे काम सांगते. काही महिन्यांनी ते अंतर कमी होऊ लागले तर दोन शक्यता: पंख बुजले आहेत आणि वरची बाजू तापते आहे, किंवा कडीला तडा गेला आहे आणि बैठक बसली आहे. पहिल्याला ब्रश पुरतो. दुसऱ्यासाठी बोल्ट सोडून कडी काढावी, रॉकेल लावून पुसावी आणि उजेडात धरावी. तडा असेल तर रॉकेल त्यात मुरून रेघ ओली दिसते. तडा गेलेली कडी पुन्हा बसवत नाहीत.

या पद्धतीला काही कामे जमत नाहीत. वेल्ड संपतो तिथे पिन वर काढल्यावर भोक उरते. म्हणून शेवटचा तुकडा जादा ठेवून नंतर कापतात. पट्टी खालून पाटावर आणि बाजूंनी घट्ट धरता आली नाही, तर टूलचे बल तिला उचकटून टाकते. त्यामुळे फुटलेल्या गिअरबॉक्सची दुरुस्ती किंवा वाकलेली मोटारची बॉडी हे काम गावातल्या आर्क आणि गॅसवरच राहते. सपाट, लांब, सारख्या जाडीच्या आणि शेकड्यांनी लागणाऱ्या तुकड्यांसाठी हे टूल आहे, आणि बॅटरीच्या थंड प्लेटा नेमक्या तशाच असतात.